पत्र कोणी जपले? लेखकाच्या चरित्रामागचे न दिसणारे काम

२ जानेवारी २०२० रोजी अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक पत्रसंग्रह वाचकांसाठी खुला झाला. कवी टी. एस. एलियट यांनी एमिली हेल या मैत्रिणीला लिहिलेली ही १,१३१ पत्रे. हेल यांनी ती १९५६ मध्ये ग्रंथालयाच्या हवाली केली होती. अट अशी, की दोघांपैकी जो मागे राहील त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे पेट्या उघडायच्या नाहीत. एलियट १९६५ मध्ये वारले, हेल १९६९ मध्ये. पत्रे खुली झाली त्याच दिवशी हार्वर्ड विद्यापीठाने एलियट यांचे एक निवेदन जाहीर केले. ते त्यांनी १९६० मध्येच लिहून ठेवले होते आणि या पत्रांबरोबरच ते बाहेर यावे अशी सोय करून ठेवली होती. हेल यांनी एलियटना लिहिलेली पत्रे मात्र आज नाहीत. एलियट यांच्याच सांगण्यावरून ती जाळली गेली.

अशी बातमी आली की लगेच नव्या चरित्राची चर्चा सुरू होते आणि वाचकाला काही प्रश्न पडतात. एका कवीवर आधीच इतकी चरित्रे असताना आणखी एक कशाला? एका माणसाचे आयुष्य लिहायला दहा-पंधरा वर्षे का लागावीत? जे घडले ते लिहायचे, एवढेच तर आहे! अडचण अशी की जे घडले ते सलग कुठेच नोंदलेले नसते. मागे उरतात ते कागद. आणि प्रत्येक कागद कोणीतरी ठेवायचे ठरवले, किंवा फेकायचे विसरले, म्हणून उरलेला असतो. चरित्रकाराच्या कामाचा मोठा भाग या ठरवण्या-विसरण्याचा छडा लावण्यात जातो.

## लेखकाचे चरित्र वेगळे का असते?

सेनापतीची लढाई हजारो लोक पाहतात. लेखकाच्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना म्हणजे टेबलाशी बसून लिहिणे, आणि तिला साक्षीदार नसतो. म्हणून साहित्यिक चरित्रकाराला दोन कामे एकदम करावी लागतात. माणसाचे आयुष्य लावायचे आणि त्याच वेळी एखादे पुस्तक कसे लिहून झाले हेही लावायचे. त्यासाठी कच्चे खर्डे, खोडाखोड केलेली हस्तलिखिते, मुद्रितांवरच्या (छपाईआधी तपासायला आलेल्या प्रतींवरच्या) दुरुस्त्या, प्रकाशकाचे हिशेब हे सगळे तपासावे लागते. प्रकाशकाचा हिशेब रुक्ष वाटतो, पण लेखकाने उचल केव्हा घेतली हे कळले की कादंबरी घाईत का संपवली हेही पुष्कळदा कळते.

इथे तीनच पारिभाषिक शब्द लागतील. घटनेच्या वेळी, घटनेशी संबंधित माणसाने केलेली नोंद म्हणजे प्राथमिक साधन: पत्र, रोजनिशी, जन्मनोंद, करार. त्यावरून नंतर कोणी लिहिले ते दुय्यम साधन. आणि असे कागद नोंद करून, क्रमांक देऊन, अभ्यासकांसाठी सांभाळून ठेवण्याची जागा म्हणजे अभिलेखागार.

## कागद कोणी जपला, आणि का?

घर बदलल्यावर जुन्या घरात काय राहते ते आठवा. एखादा खिळा, कपाटामागे पडलेले बिल, भिंतीवर मुलांच्या उंचीच्या खुणा. तेवढ्यावरून तिथे राहणाऱ्या कुटुंबाविषयी काही सांगायचे झाले, तर आधी हे समजून घ्यावे लागेल की जाणाऱ्यांनी महत्त्वाचे सामान बरोबर नेले आहे. मागे उरले ते नमुन्यादाखल उरलेले नाही.

शार्लट ब्राँटे या कादंबरीकर्तीच्या पत्रांचे उदाहरण घेऊ, कारण हा प्रकार तिथे जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच दिसतो. १८५४ मध्ये तिचे लग्न झाले. नवऱ्याला, आर्थर बेल निकल्स यांना, बायको मैत्रिणीला इतके मोकळेपणाने लिहिते हे धोक्याचे वाटले. त्यांनी एलन नसी या मैत्रिणीकडून वचन मागितले की आलेली पत्रे जाळून टाकायची. नसीने वचन दिले आणि पत्रे ठेवली. १८५५ मध्ये शार्लट वारली. दोनच वर्षांनी, १८५७ मध्ये, एलिझाबेथ गॅस्केल यांनी लिहिलेले तिचे चरित्र आले. ते उभे आहे ते मुख्यतः या तीनशेहून अधिक पत्रांवर. वचन पाळले गेले असते तर आज ओळखीची असलेली शार्लट कोणाला माहीतच झाली नसती.

दुसरी चार पत्रे १८४४-४५ मधली. ब्रसेल्समधील आपले शिक्षक कॉन्स्टंटिन एजे यांना तिने ती लिहिली होती. एजे विवाहित होते आणि पत्रांमधली ओढ लपणारी नव्हती. त्यांपैकी तीन पत्रे फाडून टाकलेली होती. एजे कुटुंबात सांगितले जात असे की एजे यांच्या पत्नीने ते तुकडे उचलून पुन्हा जोडले. आजही ती पत्रे दोऱ्याने शिवलेली आणि कागदी पट्ट्या लावून सांधलेली दिसतात. न फाडलेल्या चौथ्या पत्राच्या समासात एका चांभाराचे नाव टिपलेले आहे. १९१३ मध्ये एजे यांच्या मुलांनी ही पत्रे ब्रिटिश म्युझियमला दिली. आता पाहा: पत्रातल्या मजकुरावरून शार्लटविषयी कळते, पण फाडण्यावरून, शिवण्यावरून आणि त्या चांभाराच्या नावावरून पत्र घेणाऱ्या घराविषयी कळते. छापील प्रतीत यातले काहीच येत नाही. म्हणून चरित्रकार मूळ कागद पाहायला जातो, मजकूर छापून उपलब्ध असला तरीही.

उलट बाजूची उदाहरणे भरपूर आहेत. चार्ल्स डिकन्स यांनी सप्टेंबर १८६० मध्ये घरामागच्या मोकळ्या जागेत वीस वर्षांची पत्रे पेटवून दिली. कवी बायरन यांच्या आठवणींचे हस्तलिखित त्यांच्या मृत्यूची बातमी आल्यानंतर काही दिवसांतच, १७ मे १८२४ रोजी, लंडनमध्ये प्रकाशक जॉन मरे यांच्या दिवाणखान्यातील शेकोटीत गेले. टॉमस हार्डी यांनी याहून चतुर मार्ग काढला. स्वतःचे चरित्र त्यांनी स्वतःच तृतीय पुरुषात लिहिले, आधारासाठी वापरलेले कागद नष्ट करत गेले आणि पुस्तक मृत्यूनंतर १९२८ व १९३० मध्ये दोन भागांत पत्नीच्या नावाने यावे अशी व्यवस्था केली. त्यामुळे हार्डींच्या पुढच्या प्रत्येक चरित्रकाराला पहिला प्रश्न हाच पडतो की हे वाक्य तपासायला आता दुसरे काय शिल्लक आहे?

जाळणाऱ्याच्या हातून काहीतरी सुटतेच. डिकन्स यांची १८६७ सालची खिशातली रोजनिशी अमेरिकेच्या दौऱ्यात हरवली. ती आज न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात आहे. तीत गावांची आणि माणसांची नुसती आद्याक्षरे आहेत. या आद्याक्षरांची रेल्वेच्या वेळा, घरपट्टीच्या नोंदी आणि इतर पत्रे यांच्याशी सांगड घालूनच नटी एलन टर्नन यांच्याशी असलेल्या त्यांच्या गुप्त नात्याचा माग अभ्यासकांना काढता आला.

## तारीख लागल्याशिवाय पुढे पाऊल नाही

काम सुरू होते ते कालपटापासून. एक मोठा तक्ता करायचा: तारीख, ठिकाण, काय घडले, कशावरून. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. "कशावरून" रिकामा असेल तर ती ओळ कच्ची समजायची. मोठ्या लेखकासाठी हा कालपट हजारो ओळींचा होतो आणि लेखन संपेपर्यंत वाढत राहतो.

त्रास देतात ती बिनतारखेची पत्रे. समजा, पत्रावर एवढेच आहे: "गुरुवार, १४." महिना नाही, वर्ष नाही. कोणत्याही वर्षात १४ तारखेला गुरुवार किमान एकदा आणि जास्तीत जास्त तीनदा येतो. दहा वर्षांच्या पट्ट्यात अशा साधारण सतरा तारखा निघतात. मग गाळणी लावायची. पत्रात जे घर आहे तिथे लेखक दोनच वर्षे राहिला, हे घरभाड्याच्या पावत्यांवरून कळले तर तीन-चार तारखा उरतात. पत्रात "मुद्रिते आली" असा उल्लेख असेल तर पुस्तक कोणत्या महिन्यात छपाईला होते ते प्रकाशकाच्या दप्तरात पाहायचे. बहुधा एक तारीख उरते. कागद उजेडासमोर धरला आणि त्यातल्या जलचिन्हात वर्ष दिसले, तर पत्र त्याआधीचे असू शकत नाही एवढे नक्की होते. त्यानंतरचे मात्र कितीही वर्षांनी असू शकते, कारण कागदाचे गठ्ठे घरात पडून राहतात. पाकीट शिल्लक असेल तर त्यावरचा टपालाचा शिक्का सोन्यासारखा, पण ते पाकीट याच पत्राचे आहे ना, हे आधी पाहावे लागते. वारसांनी पत्रे चाळताना पाकिटांची अदलाबदल केलेली असते.

पत्रलेखकाने स्वतः घातलेली तारीखही चुकू शकते. जानेवारीत जुने वर्ष लिहिण्याची चूक सगळेच करतात. त्याहून मोठा घोळ पंचांगांचा. शेक्सपिअर आणि सर्व्हांतेस एकाच दिवशी, २३ एप्रिल १६१६ रोजी वारले असे सांगितले जाते. इंग्लंडमध्ये तेव्हा जुनी ज्युलियन कालगणना होती आणि स्पेनमध्ये नवी ग्रेगोरियन, म्हणजे दोन तारखांत दहा दिवसांचे अंतर. शिवाय सर्व्हांतेस वारले २२ तारखेला. २३ ही दफनाची नोंद. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून फेब्रुवारी १७०० असे लिहिलेले पत्र आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७०१ चे असू शकते. शके आणि इसवी सनाचे तसेच आहे. शके १८२० मध्ये ७८ मिळवले की १८९८ येते. पण शके वर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे त्याच शकातल्या माघातल्या तिथीला ७९ मिळवून १८९९ धरावे लागते. एवढ्या एका आकड्याने बाप जिवंत असताना लिहिलेली कविता बाप गेल्यानंतरची ठरते आणि तिचा अर्थ बदलून जातो.

## अभिलेखागारातला दिवस

पिशवी बाहेर, शाईचे पेन बाहेर. आत फक्त शिसपेन्सिल, लॅपटॉप आणि परवानगी असेल तर कॅमेरा. संग्रहाची सूची आधी वाचून खोक्यांचे क्रमांक मागवायचे. एका वेळी टेबलावर एकच खोके, त्यातून एकच फाइल उघडायची आणि कागदांचा क्रम जराही हलवायचा नाही. तो क्रमही पुरावा असतो. लेखकाने दोन पत्रे एकत्र ठेवली असतील तर त्याच्या मनात त्यांचा काही संबंध होता.

चुका इथेच होतात आणि त्यांचे फळ दोन वर्षांनी मिळते. दिवसाला तीनशे-चारशे छायाचित्रे काढली जातात. संस्थेचे नाव, संग्रह, खोके, फाइल, पान असा पत्ता त्यांच्याबरोबर नसेल तर ती पुढे निरुपयोगी. उपाय साधा आहे: प्रत्येक फाइल उघडताना या पाच गोष्टी लिहिलेली चिठ्ठी आधी टिपायची, मग पाने. पानाची मागची बाजू कोरी असली तरी तिचेही छायाचित्र घ्यायचे, म्हणजे ती पाहायची राहिली का अशी शंका नंतर उरत नाही. नक्कल करताना लेखकाचे शुद्धलेखन सुधारायचे नाही. न लागलेला शब्द अंदाजाने भरला तर चौकटी कंसात टाकायचा. कंस घालायचा राहिला की सहा महिन्यांनी स्वतःचा अंदाज स्वतःलाच लेखकाचा शब्द वाटू लागतो.

हस्ताक्षर वाचायला शिकावे लागते. टपालखर्च वाचवायला एकोणिसाव्या शतकात लोक पान आडवे लिहून संपले की तेच पान वळवून त्याच ओळींवरून उभे लिहीत. अशा एका पानाला तासभर लागतो. एखाद्याचा "न" आणि "त" एकसारखा दिसत असेल, तर त्याच्या लेखनातले नक्की माहीत असलेले शब्द छायाचित्रांतून कापून अक्षरांचा तक्ता करायचा आणि शंकेचे अक्षर त्याशी ताडायचे.

## माणसे सांगतात ते किती धरायचे?

लेखक अलीकडचा असेल तर त्याला ओळखणारी माणसे हयात असतात. त्यांतल्या सर्वांत वयोवृद्ध माणसाकडे सर्वांत आधी जायला हवे. कागद थांबतात, माणसे थांबत नाहीत. पण उपलब्ध पत्रे वाचल्याशिवाय जाण्यात अर्थ नसतो. तयारी न करता विचारलेल्या "ते कसे होते?" या प्रश्नाला "फार मोठा माणूस" एवढेच उत्तर मिळते. "त्या खोलीत टेबल कुठे होते, दार उघडे असायचे का, सकाळी कोण आधी उठायचे?" असे विचारले की स्मरणशक्ती कामाला लागते. वस्तू आणि जागा आठवताना माणूस मत मांडत नाही, पाहिलेले सांगतो.

अनेकदा सांगितलेली आठवण घासून गुळगुळीत होते. दोन माणसे तोच प्रसंग त्याच शब्दांत सांगत असतील तर ते दोन पुरावे नव्हेत. बहुधा दोघांनी तो एकाच लेखात वाचलेला असतो किंवा एकाने दुसऱ्याकडून ऐकलेला असतो. तपशिलात थोडा फरक असलेल्या दोन आठवणी उलट अधिक भरवशाच्या. दुसऱ्या भेटीला जायलाच हवे, कारण पहिल्या भेटीनंतर रात्रभर माणूस आठवत राहतो आणि जे सांगायचे की नाही ते ठरलेले नसते, ते दुसऱ्यांदा सांगतो.

## कादंबरीवरून आयुष्य सांगता येते का?

हा मोह सर्वांत मोठा. नायक पोरका आहे, म्हणून लेखकाला एकटे वाटत असणार. आणि लेखकाला एकटे वाटत होते, म्हणून नायक पोरका आहे. हे वर्तुळ आहे. त्यात बाहेरून काहीच आलेले नाही, आणि तरीही वाचताना ते पटते.

वर्तुळ तोडायला बाहेरचा एक कागद लागतो. 'डेव्हिड कॉपरफील्ड' (१८४९-५०) या कादंबरीत दहा वर्षांच्या मुलाला दारूच्या वखारीत बाटल्या धुण्याच्या कामाला लावतात. डिकन्स हयात असताना बहुतेक वाचकांनी ही कल्पनाच मानली. ते १८७० मध्ये वारल्यानंतर त्यांचे मित्र जॉन फॉर्स्टर यांनी चरित्र लिहिले आणि डिकन्सनीच त्यांना दिलेला एक आत्मकथनाचा तुकडा त्यात छापला. १८२४ मध्ये, बारा वर्षांचे असताना, त्यांना बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबले चिकटवण्याचे काम करावे लागले होते आणि वडील कर्जापायी तुरुंगात होते. आता दोन्ही शेजारी ठेवून बोलता येते. वयातून दोन वर्षे कमी केली, पॉलिशच्या जागी दारू आणली. आणि तुरुंगात गेलेला बाप नायकाचा न राहता मिकॉबर या दुसऱ्याच पात्राकडे गेला. लेखकाने काय बदलले हे कळते, आणि का बदलले असेल यावर विचार करता येतो. साहित्यिक चरित्राचा खरा गाभा हा फरक आहे. साम्य शोधणे त्यामानाने सोपे, आणि त्यात कादंबरीवर अन्याय होतो.

## पत्र एकाचे, शब्द दुसऱ्याचे

तुम्हाला कोणी पत्र पाठवले तर ते कोणाचे? कागद तुमचा. तो तुम्ही ठेवा, विका, जाळा. शब्द मात्र लिहिणाऱ्याचे, आणि ते छापण्याचा हक्क त्याचा किंवा त्याच्या वारसांचा. हा निवाडा १७४१ चा आहे. कवी अलेक्झांडर पोप यांनी एडमंड कर्ल या प्रकाशकावर भरलेल्या खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने तो दिला. नसीकडे शार्लटची पत्रे होती, पण छापण्याचा हक्क होता निकल्स यांच्याकडे. म्हणजे ज्यांना पत्रे जाळून टाकलेली हवी होती त्यांचीच सही गॅस्केल यांच्या प्रकाशकाला आणावी लागली. त्यांनी ती नाइलाजाने दिली.

अशी सही मिळाली नाही तर? पीटर अ‍ॅक्रॉइड यांनी १९८४ मध्ये एलियट यांचे चरित्र प्रसिद्ध केले ते अप्रकाशित पत्रांतले उतारे देण्याची परवानगी नसताना. इयन हॅमिल्टन यांच्यावर याहून वाईट वेळ आली. जे. डी. सॅलिंजर यांची पत्रे विद्यापीठांच्या ग्रंथालयांत कोणालाही वाचता येत होती. हॅमिल्टन यांनी ती वाचली, उतारे दिले, आणि सॅलिंजर न्यायालयात गेले. मग उतारे काढून मजकूर आपल्या शब्दांत सांगितला. १९८७ मध्ये न्यायालयाने तेही मूळ शब्दांच्या फार जवळचे ठरवून प्रकाशन रोखले. पुस्तक नव्याने लिहून १९८८ मध्ये आणावे लागले. वाचता येणे आणि छापता येणे यांत एवढे अंतर आहे. अमेरिकेच्या कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती झाली आणि लेखन अप्रकाशित आहे एवढ्याच कारणाने त्याचा वाजवी वापर (परवानगीशिवाय मर्यादित उतारे घेणे) अडवता येणार नाही असे ठरले.

हक्काची मुदत देशागणिक बदलते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, ब्रिटनमध्ये सत्तर. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध न झालेल्या लेखनाचे नियम आणखी वेगळे. भारतात ते मरणोत्तर प्रसिद्ध झाले तर साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात. ब्रिटनमध्ये १९६९ पूर्वी वारलेल्या लेखकाचे जे लेखन १ ऑगस्ट १९८९ पर्यंत अप्रकाशित होते, त्यावर २०३९ अखेरपर्यंत हक्क आहे, मग तो लेखक दोनशे वर्षांपूर्वीचा का असेना. म्हणून परवानगीची पत्रे लेखन संपल्यावर पाठवायची नसतात. कोणाचा हक्क आहे हे शोधण्यातच महिने जातात. वारस तीन देशांत विखुरलेले असतात आणि एकाचा नकार पुरतो.

"अधिकृत चरित्र" हा शब्द इथूनच येतो. त्याचा अर्थ वारसांनी कागद उघडे केले आणि उतारे देऊ दिले, एवढाच. ते अधिक खरे असते असे नाही. करारात वारसांना हस्तलिखित वाचण्याचा हक्क आहे की बदलण्याचा, हा एक शब्द पाहावा. वाचून चुका दाखवण्याचा असेल तर उत्तम. मजकूर काढायला लावण्याचा असेल तर चरित्रकाराने सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

## "मेल्यावर तरी माणसाला सोडा"

हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. पत्र एका माणसासाठी लिहिलेले असते आणि ते हजारो लोक वाचतात. कायद्याने मृताची बदनामी होत नाही असे ब्रिटनसारख्या देशांत धरले जाते, पण मृताच्या गोष्टीत जिवंत माणसे असतात. गॅस्केल यांनी शार्लटच्या भावाच्या अधोगतीचे खापर तो ज्या घरी मुलाला शिकवायला होता त्या घरच्या बाईंवर फोडले. त्या हयात होत्या. वकिलाची नोटीस आली, वृत्तपत्रात जाहीर माघार छापावी लागली, न विकलेल्या प्रती परत घेतल्या आणि तिसऱ्या आवृत्तीत मजकूर बदलला. गॅस्केल यांचा आधार होता भावाने घरी सांगितलेली हकिकत, म्हणजे एकाच बाजूची. आणि याच गॅस्केल ब्रसेल्सला जाऊन एजे यांना भेटल्या होत्या, ती पत्रे त्यांना ठाऊक होती, तरी त्यांतली ओढ त्यांनी पुस्तकात येऊ दिली नाही. शार्लटचे वडील आणि नवरा हयात होते. एकीकडे नको ते छापले, दुसरीकडे महत्त्वाचे झाकले. दोन्हीमागे मैत्रिणीविषयीची माया होती. मायेने लिहिणाऱ्याला ही जोखीम कायमच असते.

निवड करताना दोन प्रश्न उपयोगी पडतात. या माहितीने लेखन वेगळे वाचले जाते का? आणि हे छापल्याने हयात असलेल्या कोणाचे नुकसान होते का? पहिल्याचे उत्तर नाही असेल तर ती गोष्ट कितीही चटकदार असली तरी पुस्तकाबाहेर. पहिल्याचे हो आणि दुसऱ्याचेही हो असेल तर त्या माणसाला आधी दाखवायला हवे. काही वेळा थांबायला हवे.

## मग शेवटचे, पक्के चरित्र का लिहून होत नाही?

कारण कागद येत राहतात, आणि ते कोणत्या क्रमाने हाती लागतात यावर पुस्तकाचा आकार ठरतो. राइनर श्टाख यांनी लिहिलेले, जर्मन भाषेतला कादंबरीकार काफ्का याचे त्रिखंडी चरित्र पाहा. मधल्या वर्षांचा खंड २००२ मध्ये आला, अखेरच्या वर्षांचा २००८ मध्ये आणि बालपणाचा सर्वांत शेवटी, २०१४ मध्ये. बालपणासाठी हवे असलेले कागद मॅक्स ब्रोड यांच्या संग्रहात होते आणि त्या संग्रहावरून खटला चालू होता. ब्रोड म्हणजे तेच मित्र, ज्यांना काफ्काने सगळे लेखन जाळायला सांगितले होते आणि ज्यांनी ते जाळले नाही. इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने तो संग्रह राष्ट्रीय ग्रंथालयाचा ठरवला तो २०१६ मध्ये.

जेम्स बॉस्वेल यांचे इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांच्यावरचे १७९१ चे चरित्र इंग्रजीतले सर्वांत गाजलेले. दोघांची पहिली भेट १६ मे १७६३ ची, जॉन्सन तेव्हा ५३ वर्षांचे होते. पुस्तकाचा जवळपास निम्मा भाग शेवटच्या आठ-नऊ वर्षांवर आहे, कारण बॉस्वेलकडे त्या काळातल्या संभाषणांची टिपणे होती. वाचकाच्या मनात जॉन्सन कायम वयस्क, मैफलीत बोलणारे राहिले. तरुण, गरीब, लंडनमध्ये धडपडणारे जॉन्सन पुढच्या अभ्यासकांना वेगळ्या कागदांतून शोधावे लागले.

## ईमेलच्या काळात काय उरेल?

जुन्या लेखकाने खोडलेला शब्द खाली दिसतो. संगणकावर फाइल जतन केली की आधीचा खर्डा जातो. पत्रांची जागा ईमेलने आणि मोबाइलवरच्या निरोपांनी घेतली. ते संख्येने हजारपट जास्त आहेत, आणि पासवर्ड हरवला की एका क्षणात सगळे बंद. अभिलेखागारे यावर मार्ग काढत आहेत. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने सलमान रश्दी यांचे जुने संगणक घेतले आणि २०१० मध्ये त्यांतल्या एकाची हुबेहूब चालणारी प्रतिकृती अभ्यासकांसाठी खुली केली, म्हणजे लेखकाच्या पडद्यावर फाइली जशा मांडलेल्या होत्या तशाच दिसतात. टेबलावरच्या कागदांचा क्रम जपण्याचाच हा प्रकार.

सगळे स्कॅन झाले की यंत्रच चरित्र लिहील, असे म्हटले जाते. स्कॅन झालेल्या पत्रांत एखादे नाव शोधायला यंत्र फार उपयोगी आहे आणि त्याने वर्षांचे काम आठवड्यांवर येते. पण न उघडलेल्या खोक्यातले ते वाचू शकत नाही, आणि नसलेला संदर्भ ठासून देते. त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ मूळ कागदाशी ताडावाच लागतो.

घरात एखाद्या लिहिणाऱ्या माणसाचे कागद असतील तर काही गोष्टी आजच करता येतात. कागद विषयवार किंवा तारीखवार लावू नका, आहेत त्याच क्रमाने आणि त्याच गठ्ठ्यांत ठेवा. पाकिटे पत्रांपासून वेगळी करू नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेट करू नका. पट्टीचा गोंद काही वर्षांत कागद पिवळा करून खातो आणि लॅमिनेशन पुन्हा निघत नाही. टाचण्या आणि रबरबँड काढा. छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहा, ओळखणारे माणूस घरात आहे तोवर. संगणकाची हार्ड डिस्क जुनी झाली तरी पुसू नका, आधी जशीच्या तशी प्रत काढून घ्या. आणि काही जाळायचेच ठरले, तशी कारणे असू शकतात, तर एका कागदावर नोंद ठेवा: कोणाची पत्रे होती, साधारण किती होती, कोणत्या वर्षांची होती, केव्हा आणि कोणी जाळली.